वायफाय चालंना, त्याचा जाब कुणाला विचारायचा?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा, म्हणजे सुरक्षेची फुकट अद्यतनं, थांबवला. घरगुती वापरासाठी आणखी वर्षभराची सोय झाली, पण ती मुदतवाढच. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. म्हणजे २०१७ च्या आधी घेतलेली जवळपास सगळी मशीन बाद. मराठवाड्यातल्या शाळांच्या संगणक कक्षांत, तालुक्याच्या महाविद्यालयांत, स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकांत अशी मशीन ढिगाने पडून आहेत आणि त्यातली बरीच अजून ठणठणीत आहेत. त्यामुळे ‘यांच्यावर लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकट आणि खुली संगणक प्रणाली, का टाकू नये?’ हा प्रश्न आता शिक्षकांच्या बैठकीत आणि संस्थाचालकांपुढे निघायला लागला आहे. प्रश्न रास्त आहे, त्यावरचा वाद मात्र भलत्याच वाटेने चालला आहे. एक बाजू म्हणते, टाकून पाहिलं. वायफाय दिसंना, प्रिंटर चालंना, झाकण लावून उघडलं की स्क्रीन काळी. फुकटची वस्तू अशीच असायची. दुसरी बाजू म्हणते, तुम्हाला येत नाही म्हणून चालत नाही. टर्मिनल (हुकूम टाइप करायची खिडकी) शिका, शोधा, वाचा. पहिली बाजू लिनक्सला दोष देते, दुसरी वापरणाऱ्याला. ज्याने ते मशीन बनवलं आणि ज्याने ते विकत घेतलं, त्या दोघांचं नाव कुणाच्याच तोंडी येत नाही.

माझं म्हणणं असं आहे: एखाद्या लॅपटॉपवर लिनक्स नीट चालणार की नाही, हे लिनक्स टाकायच्या दिवशी ठरत नाही. ते मशीन विकत घ्यायच्या दिवशीच ठरून गेलेलं असतं. आत कुठली वायफाय चिप आहे, तिच्या निर्मात्याने तिची माहिती खुली केली आहे की दाबून ठेवली आहे, बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या आतल्या सॉफ्टवेअरमध्ये, काय काढून टाकलं आहे, यावर पुढची पाच-सात वर्षं अवलंबून असतात. आणि खरेदी सार्वजनिक पैशातून होत असेल, म्हणजे जिल्हा परिषदेची शाळा, अनुदानित महाविद्यालय, विद्यापीठ, आमदार निधीतून उभी राहिलेली अभ्यासिका, तर हा प्रश्न कुणाच्या आवडीनिवडीचा राहत नाही. लोकांच्या पैशाने घेतलेली वस्तू किती वर्षं लोकांच्या उपयोगी पडणार, असा तो प्रश्न होतो.

‘चालत नाही’ म्हणजे नेमकं काय होतं, ते एकदा जवळून पाहू. एका तालुक्याच्या गावातल्या अभ्यासिकेत देणगीतून आलेले काही लॅपटॉप होते. लिनक्स बसलं, मराठी उमटली, सगळं झालं. वायफाय मात्र राउटरच्या शेजारी बसलं तरच लागायचं. दोन खुर्च्या मागे सरकलं की सिग्नल गुल. “सर, ह्याचं वायफायच धरंना गेलंय,” असं पोरं सांगायची. त्याच मशीनवर आधी विंडोज असताना हा त्रास नव्हता, म्हणून दोष लिनक्सच्या माथी गेला. मशीन उघडल्यावर कारण दिसलं. वायफाय कार्डावर अँटेनाच्या दोन वायरी लावायची जागा होती, आणि लॅपटॉप जुळवणाऱ्या कंपनीने खर्च वाचवायला एकच वायर दिली होती. ती कुठल्या जागी लावली आहे, याची नोंद कार्डाच्या स्मृतीत चुकीची होती. कंपनीने स्वतःच्या विंडोज ड्रायव्हरमध्ये, म्हणजे प्रणालीला ते कार्ड चालवता यावं म्हणून लिहिलेल्या सॉफ्टवेअरमध्ये, ही चूक गुपचूप सांभाळून घेतली होती. लिनक्सचा ड्रायव्हर बिचारा नोंदीवर विश्वास ठेवून रिकाम्या जागेवर कान लावून बसला होता. एका फाइलमध्ये एक ओळ लिहून त्याला दुसरी जागा दाखवली आणि वायफाय शेवटच्या बाकापर्यंत पोहोचलं. यात लिनक्स कुठे चुकलं? आणि ही एक ओळ ठाऊक नसणाऱ्या विद्यार्थ्याला अडाणी ठरवणारे आपण कोण? ती ओळ लॅपटॉपच्या खोक्यात यायला हवी होती. ती तिथे नव्हती, कारण विकत घेताना ती कुणी मागितली नव्हती.

लिनक्सला हार्डवेअर जमत नाही, हे विधान मुळातच टिकत नाही. बीडच्या ऊसतोड मजुराच्या खिशातला अँड्रॉइड फोन लिनक्सच्याच कर्नलवर, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यावर, चालतो. त्याचा कॅमेरा चालतो, बोटाचा ठसा चालतो, फोन खिशात टाकला की झोपतो आणि बटण दाबलं की उठतो. फोन चालवायला कुणी टर्मिनल शिकलेलं नाही. हे जमलं, कारण फोन विकणाऱ्याला तो चालू अवस्थेत विकावा लागतो. ड्रायव्हर लिहिण्याची जबाबदारी त्याच्या गळ्यात आहे. गूगलच्या प्रणालीवर चालणाऱ्या क्रोमबुक लॅपटॉपचंही तेच. २०२२ साली आलेल्या स्टीम डेक या खेळांच्या यंत्राचंही तेच. जिथे विकणारा जबाबदारी घेतो तिथे हा प्रश्न शिल्लकच राहत नाही. मग लॅपटॉपच्याच बाबतीत तो लिनक्सचा जन्मजात दोष कसा काय ठरतो?

प्रिंटरची गोष्ट तर आपल्या रोजच्या ओळखीची आहे. झेरॉक्सच्या दुकानात, शाळेच्या कार्यालयात, वकिलाच्या टेबलावर वर्षानुवर्षं दोन प्रिंटर दिसत आले आहेत: एचपीचा लेझरजेट १०२० आणि कॅननचा एलबीपी २९००. लेझरजेट १०२० च्या पोटात स्वतःचं फर्मवेअर, म्हणजे उपकरणाला आतून चालवणारं सॉफ्टवेअर, कायमचं साठवलेलं नसतं. तो चालू झाला की दर वेळी संगणकाने त्याला ते पाठवायचं असतं, त्याशिवाय त्याला छापता येत नाही. विंडोजमध्ये ड्रायव्हर हे काम न सांगता करतो. लिनक्ससाठी एचपीचंच एचपीलिप नावाचं सॉफ्टवेअर आहे, पण फर्मवेअरचा बंद तुकडा, म्हणजे ज्याचा कोड कंपनी दाखवत नाही तो, वेगळा उतरवून घ्यावा लागतो. तो घेतला नसेल तर प्रिंटर जोडलेला दिसतो, दिवा लागतो आणि कागद काही बाहेर येत नाही. परभणी-हिंगोलीकडे उन्हाळ्यात दिवसातून चार वेळा वीज जाते. म्हणजे दिवसातून चार वेळा हा प्रिंटर सगळं विसरतो. ज्याने तो बंद तुकडा बसवला आहे त्याला याचा पत्ताही लागत नाही. ज्याने नाही बसवला तो म्हणतो, लिनक्सवर प्रिंटर चालत नाही. कॅननच्या प्रिंटरचं दुखणं निराळं. तो कॅप्ट नावाच्या कंपनीच्या खासगी भाषेत बोलतो. लिनक्ससाठी कंपनीचा ड्रायव्हर होता, पण तो जुन्या ३२ बिटी लायब्ररींवर अडून राहिलेला. नव्या आवृत्त्यांवर तो बसवताना जाणकारांच्याही नाकी नऊ येतात. ही भाषा कागदावर लिहून जाहीर केली असती तर कुणीतरी कधीच नवा ड्रायव्हर लिहिला असता.

मुक्त सॉफ्टवेअरचा, म्हणजे ज्याचा कोड कुणालाही पाहता-बदलता येतो त्या सॉफ्टवेअरचा, हा सगळा प्रवाह सुरू झाला तोसुद्धा एका प्रिंटरपासूनच. १९८० च्या सुमारास अमेरिकेत एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत झेरॉक्स कंपनीचा एक लेझर प्रिंटर आला. तो वारंवार अडकायचा. रिचर्ड स्टॉलमन यांनी आधीच्या प्रिंटरच्या सॉफ्टवेअरमध्ये अशी सोय केली होती की कागद अडकला की वाट पाहणाऱ्यांना निरोप जाई. नव्या प्रिंटरमध्ये तसं करायला त्यांना मूळ कोड हवा होता, आणि तो मिळाला नाही. ज्याच्याकडे होता तो गुप्ततेच्या कराराने बांधलेला होता. पुढे १९८३ मध्ये त्यांनी ग्नू हा मुक्त प्रणाली उभारण्याचा प्रकल्प जाहीर केला आणि १९९१ मध्ये लिनस टॉरवाल्ड्स यांचं कर्नल त्याला येऊन मिळालं. चाळीस वर्षं उलटली, तरी आपली तक्रार शब्दशः तीच आहे: वस्तू माझी, पैसे माझे, ती दुरुस्त करायची माहिती मात्र दुसऱ्याच्या कपाटात.

आता विरोधी बाजूचं जे खरं आहे ते मोकळेपणाने मान्य करायला हवं. पहिली गोष्ट, ज्या मुलीला आज रात्री बाराच्या आत शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा आहे, तिला दोष कुणाचा याच्याशी काही देणंघेणं नसतं, आणि नसावंच. तिच्यापुढे मशीन चालतंय किंवा चालत नाही, एवढंच आहे. लिनक्सचा आग्रह धरणाऱ्यांनी हे फार उशिरा ओळखलं. डेबियनसारख्या मोठ्या आणि आदरणीय लिनक्स प्रकल्पाने तत्त्व म्हणून बंद फर्मवेअर मुख्य इन्स्टॉलरबाहेर ठेवलं होतं. तत्त्व समजण्यासारखं होतं, पण व्यवहारात त्याचा अर्थ असा व्हायचा की वायफाय चालवायला लागणारी फाइल इंटरनेटवर, आणि इंटरनेटला जायला वायफाय हवं. २०२२ मध्ये डेबियनच्या सभासदांनी मतदान करून हे बदललं आणि जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून ते फर्मवेअर इन्स्टॉलरमध्येच येऊ लागलं. हा शहाणपणा गावोगावच्या उत्साही मंडळींनीही घ्यायला हवा. समोरच्याचं मशीन कुठलं, प्रिंटर कुठला, काम काय, हे न विचारता ‘लिनक्स टाका’ म्हणणं हा बेजबाबदारपणा आहे. आणि अडलेल्याला ‘अभ्यास करा’ म्हणून वाटेला लावण्यापेक्षा एवढं सांगितलं तरी पुरे की अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग (फोनचं इंटरनेट संगणकाला देणं) सुरू करा. त्याला बहुधा वेगळा ड्रायव्हर लागत नाही, आणि एकदा इंटरनेट मिळालं की निम्मी लढाई तिथेच संपते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. जाणकार मंडळी म्हणतात, कंपन्यांनाच का झोडता? लिनक्स कर्नल आपल्या आत ड्रायव्हरसाठी कायमचा स्थिर सांधा ठेवतच नाही. आज लिहिलेला बाहेरचा ड्रायव्हर पुढच्या कर्नलवर मोडू शकतो. विंडोजवर कंपनी एकदा ड्रायव्हर लिहून मोकळी होते. लिनक्सवर तिला दरवर्षी मागे धावावं लागतं. हे खरं आहे. कर्नलच्या कर्त्यांनी हे जाणूनबुजून केलेलं आहे आणि त्याचा त्रास वापरणाऱ्याला होतो. पण या निर्णयाची दुसरी बाजूही मोजा. जो ड्रायव्हर कर्नलच्या मूळ कोडमध्ये स्वीकारला जातो, त्याची काळजी कर्नलचे लोकच घेतात. आतला सांधा ज्याने बदलला, त्यानेच त्या बदलाने मोडणारे ड्रायव्हर दुरुस्त करायचे, असा तिथला रिवाज आहे. म्हणून कंपनीने कधीच सोडून दिलेली जुनी नेटवर्क कार्डं लिनक्सवर आजही मुकाट्याने चालतात. स्थिर सांध्याचं कौतुक करणाऱ्यांनी आठवावं, ६४ बिटी विंडोज घरोघरी आलं तेव्हा किती प्रिंटर आणि स्कॅनर निव्वळ ड्रायव्हर नाही म्हणून अडगळीत गेले. आणि विंडोज ११ ने ठणठणीत प्रोसेसर यादीबाहेर ठेवले, ते काय आहे? हार्डवेअर न जुळण्याचं यापेक्षा मोठं उदाहरण शोधून सापडणार नाही. तरी ते ‘विंडोजचा दोष’ म्हणून कुणी सांगत नाही. मशीन जुनं झालं म्हणतो आणि नवं घेतो. हीच सवलत लिनक्सला का नाही?

झोपेचंही तसंच. लॅपटॉपचं झाकण लावलं, बॅगेत टाकला, लातूरहून पुण्याची रात्रीची गाडी धरली, आणि सकाळी उघडला तर बॅटरी संपलेली, मशीन गरम. ही तक्रार लिनक्सवाल्यांची म्हणून प्रसिद्ध आहे. पूर्वी लॅपटॉप एस-३ नावाच्या गाढ झोपेत जात असे. फक्त रॅमला वीज मिळे, बाकी सगळं बंद. अलीकडच्या कित्येक मॉडेलांत निर्मात्यांनी ही गाढ झोप फर्मवेअरमधूनच काढून टाकली आणि मोबाइलसारखी अर्धी जाग ठेवली, तीही विंडोजला डोळ्यांसमोर ठेवून. आणि ती विंडोजवर तरी बिनचूक चालते, असंही नाही. तिथेही बॅगेत तापलेल्या लॅपटॉपच्या तक्रारी कमी नाहीत. नव्या लॅपटॉपवर लिनक्सच्या इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नाही, तीही तक्रार याच जातीची: बायोसमध्ये इंटेलचा व्हीएमडी हा डिस्क हाताळणारा पर्याय चालू असतो, तो बंद केला की पुष्कळदा डिस्क दिसू लागते. बोटाच्या ठशाचे सेन्सर तर निम्मे चालतात, निम्मे नाहीत. त्यावर वेळ घालवू नये, पासवर्ड टाकावा.

तिसरा आक्षेप पैशाचा. डेस्कटॉपवर लिनक्स वापरणारे जगभरात थोडे, मग कंपनीने त्यांच्यासाठी माणसं का ठेवावीत? वायफायसारख्या रेडिओ उपकरणांवर सरकारी बंधनं असतात, ग्राफिक्समध्ये दुसऱ्यांचे पेटंट गुंतलेले असतात, सगळं उघडं कसं करायचं? यातला रेडिओ आणि पेटंटचा भाग कंपन्यांची निव्वळ सबब नाही, हे मी मानतो. पण मागणी सगळं उघडं करण्याची नाहीच. इंटेलच्या वायफाय कार्डाचं फर्मवेअर बंदच आहे. तरी इंटेल ते वाटू देते आणि ड्रायव्हर मात्र खुला, कर्नलच्या आत ठेवते. म्हणून इंटेलचं कार्ड असलेला लॅपटॉप पहिल्या दिवशी वायफाय पकडतो. रेडिओचे नियम इंटेलला निराळे आणि बाकीच्यांना निराळे आहेत काय? एएमडीने २००७ पासून आपल्या ग्राफिक्स चिपची कागदपत्रं खुली करायला सुरुवात केली. आज त्या चिपसाठी वेगळा ड्रायव्हर शोधावाही लागत नाही. ब्रॉडकॉमच्या वायफायसाठी स्वयंसेवकांनी काही वर्षं रिव्हर्स इंजिनिअरिंग केलं, म्हणजे बंद पेटीवर टकटक करून आतला नकाशा काढला. २०१० मध्ये कंपनीने स्वतःच खुला ड्रायव्हर दिला. एनव्हिडियाचं उदाहरण सगळ्यांत बोलकं. २०१२ मध्ये फिनलंडमधल्या आल्टो विद्यापीठात टॉरवाल्ड्स यांनी भर सभेत त्या कंपनीचा असा उद्धार केला की ती चित्रफीत जगभर फिरली. त्याने काय झालं? दहा वर्षं काही झालं नाही. २०२२ च्या मे महिन्यात कंपनीने आपल्या ड्रायव्हरचा कर्नलमधला भाग खुला केला. तोवर सर्व्हर आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या बाजारात तिची मोठमोठी गिऱ्हाइकं लिनक्सवरच काम करत होती. वापरणाऱ्यांच्या संतापाला जे साधलं नाही ते खरेदीदाराच्या वजनाने साधलं. ही गोष्ट नीट ध्यानात घेतली तर आपल्या वादाची दिशाच बदलते.

मराठवाड्याला हे समजावून सांगायला फार लांब जावं लागू नये. मनमाडहून छत्रपती संभाजीनगर, जालना, परभणी करत सिकंदराबादकडे जाणारा निजामाच्या राज्यातला लोहमार्ग १९०० च्या सुमारास मीटर गेजवर उभा राहिला. मुंबईचा मार्ग ब्रॉडगेज. त्यामुळे मराठवाड्याचा माणूस मनमाडला उतरायचा, बोचकी डोक्यावर घेऊन दुसरी गाडी धरायचा, आणि जालन्याचा माल एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात चढवला जायचा. लातूरला तर त्याहून अरुंद रूळ. बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी गाडी, आणि कुर्डुवाडीला गाडी बदलणं ठरलेलं. अरुंद गेज घेतलं, कारण बांधताना स्वस्त पडत होतं. बांधताना वाचलेले पैसे पुढच्या कित्येक पिढ्यांच्या हमालीत गेले. मनमाडच्या फलाटावर खोळंबलेल्या प्रवाशाला कुणी म्हणालं का, की तुला गाडी बदलता येत नाही हा तुझा दोष? किंवा मीटर गेजचं इंजिनच वाईट, म्हणून गाडी मुंबईला जात नाही? मराठवाड्याच्या विकास आंदोलनाने दोन्ही बाष्कळ वाद बाजूला ठेवून थेट रुंदीकरणाची मागणी केली, आणि ती वर्षानुवर्षं लावून धरली. १९९२ मध्ये रेल्वेने देशभर एकच गेज करण्याचं धोरण हाती घेतलं. त्या दशकात मनमाडकडून ब्रॉडगेज आत आलं, आणि लातूर-कुर्डुवाडीचं काम २००७-०८ पर्यंत लांबलं. रूळ उखडून नवे टाकायचे म्हणजे पैसा आणि दशकं दोन्ही लागतात. लॅपटॉपच्या बाबतीत तेवढंही लागत नाही. मशीन पाच-सात वर्षांत तसंही बदलतं. पुढची खरेदी नीट केली की सबंध प्रयोगशाळेचं गेज आपोआप बदलतं.

यावर कुणी म्हणेल, आमच्या संस्थेची वीस-पंचवीस मशीनची ऑर्डर, आम्हाला कोण विचारतो? एकेकट्या संस्थेला नाही विचारणार, कबूल. पण सरकारला विचारतील. केरळने शाळांच्या संगणक शिक्षणासाठी मुक्त सॉफ्टवेअरचा रस्ता धरला, ‘आयटी अ‍ॅट स्कूल’ आणि पुढे ‘काइट’ या संस्थेमार्फत स्वतःची लिनक्स आवृत्ती तयार केली, शिक्षकांना प्रशिक्षण दिलं, आणि दहावीपर्यंतचं संगणक शिक्षण त्यावरच चालवलं. तिथल्या शाळेतल्या मुलाला लिनक्स ही तज्ज्ञांची वस्तू वाटत नाही. चालवायची प्रणाली आधी ठरलेली आणि खरेदी एकगठ्ठा, असं असेल तर पुरवठादार न चालणारी चिप घालून माल पाठवायला धजत नाही. भारत सरकारनेही २०१५ मध्ये मुक्त स्रोत सॉफ्टवेअर स्वीकारण्याचं धोरण जाहीर केलं. निविदेत मुक्त पर्यायाचा विचार व्हावा आणि तो वगळला तर पुरवठादाराने कारण द्यावं, असं त्यात आहे. ते धोरण सॉफ्टवेअरबद्दल बोलतं. पण ज्या मशीनवर ते सॉफ्टवेअर चालायचं, ते मशीनच त्याला आत घेत नसेल तर धोरण कागदावरच राहतं. आणि कंपन्या नियम झाल्यावर ऐकतात, हे युरोपने दाखवलं आहे. २८ डिसेंबर २०२४ पासून तिथे नवा फोन यूएसबी-सी चार्जिंगशिवाय विकता येत नाही. वर्षानुवर्षं टाळलेली गोष्ट मुदत जवळ येताच झाली.

सरकार करेल तेव्हा करेल. तोवर स्वतःच्या खिशातून घेणाऱ्यालाही निवड आहे. पुण्याच्या कंपन्यांमधून निघालेले जुने थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक हे लॅपटॉप आपल्याकडे रिफर्बिश्ड म्हणून विकायला येतात. कार्यालयांसाठी बनवलेल्या या मालिकांत बहुधा इंटेलचं वायफाय असतं, रॅम आणि डिस्क बदलता येते, आणि त्यांच्यावर लिनक्स बऱ्याचदा पहिल्याच फेरीत सगळ्या भागांसह उभं राहतं. त्याच किमतीतला कोरा, चकचकीत, सर्वांत स्वस्त लॅपटॉप मात्र चिपमध्ये चार पैसे वाचवून बनवलेला असतो, आणि त्रास तिथेच होतो. दुकानदार ‘डॉस’वाला, म्हणजे विंडोजशिवाय येणारा, लॅपटॉप दाखवून ‘विंडोज टाकून देतो’ म्हणतो, तेव्हा ते विंडोज बहुधा चोरीचं असतं, हेही स्पष्ट बोललं पाहिजे. आपल्याकडे लिनक्सची खरी स्पर्धा विकतच्या विंडोजशी नाहीच, ती या फुकटच्या चोरीशी आहे. म्हणून ‘लिनक्स स्वस्त पडतं’ हा प्रचार इथे कुणाच्या गळी उतरत नाही. जुनं मशीन सुरक्षित राहतं आणि जास्त वर्षं चालतं, हे कारण मात्र उतरेल, कारण ते डोळ्यांनी दिसतं.

काही ठिकाणी आज लिनक्सचा आग्रह धरूच नये, हे मी ठामपणे सांगेन. आपले सरकार सेवा केंद्र चालवणाऱ्या तरुणाच्या टेबलावर आधारसाठी ठशांचं यंत्र असतं, डिजिटल सहीचा टोकन असतो, जुन्या फाइली श्री-लिपी या जुन्या मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरमध्ये असतात. ठशांच्या यंत्रांसाठी लागणारी आरडी सर्व्हिस (यंत्र आधारशी जोडणारं सॉफ्टवेअर) बहुतेक कंपन्या विंडोज आणि अँड्रॉइडसाठीच देतात. त्याला लिनक्स घ्यायला लावणं म्हणजे त्याच्या पोटावर पाय देणं. पण इथेच थांबून विचारलं पाहिजे: तेच यंत्र अँड्रॉइडवर, म्हणजे लिनक्सच्या कर्नलवर, बिनतक्रार चालतं, मग शेजारच्या लिनक्स लॅपटॉपवर का नाही? अडचण तांत्रिक असती तर ते फोनवरही चाललं नसतं. ही यंत्रं आधारच्या प्राधिकरणाच्या प्रमाणपत्राशिवाय वापरताच येत नाहीत. पीक विमा, पेन्शन, रेशन या सगळ्यांसाठी सरकार नागरिकाला त्या यंत्रावर बोट ठेवायला लावतं. प्रमाणपत्र देताना लिनक्ससाठीही सेवा द्या, एवढी एक अट घालणं सरकारच्या हातात आहे.

शाळा-महाविद्यालयांची खरेदी त्याहून सोपी. सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलवर निविदा काढताना खरेदीदाराला स्वतःच्या अटी जोडता येतात, आणि त्यासाठी कुठल्याही कंपनीचं नाव घ्यावं लागत नाही. अट एवढीच: वायफाय, ब्लूटूथ, आवाज, कॅमेरा, ग्राफिक्स, झाकण लावून झोपणं आणि उठणं, हे सगळं चालू असलेल्या कुठल्याही एका दीर्घ मुदतीच्या लिनक्स आवृत्तीवर, बाहेरून ड्रायव्हर न टाकता चाललं पाहिजे, प्रिंटर असेल तर तोही. माल उतरवून घेताना पुरवठादाराने खोक्यातलं कुठलंही मशीन काढून पेनड्राइव्हवरून सुरू करून दाखवायचं. झोप तपासायला झाकण लावून तासभर ठेवायचं आणि बॅटरी किती उतरली ते पाहायचं. नाही चाललं तर माल परत. आठ जिल्ह्यांच्या जिल्हा परिषदा, संभाजीनगर आणि नांदेडची दोन्ही विद्यापीठं आणि त्यांच्याशी जोडलेली महाविद्यालयं येत्या खरेदीपासून हे करू शकतात. त्याला नवा कायदा लागत नाही. दर थोडा चढेल, चढू द्यावा. एक मशीन आणखी तीन-चार वर्षं टिकलं तर तो फरक केव्हाच भरून निघतो, आणि उद्या विंडोज ११ चीही मुदत संपेल तेव्हा संगणक कक्षाला कुलूप लावायची पाळी येणार नाही.